कार्डिनलची बिजागरी

मे २०२५ मध्ये नव्या पोपची निवड झाली, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत 'कार्डिनल' हा शब्द रोज दिसू लागला. ७ मे रोजी १३३ कार्डिनल सिस्टीन चॅपेलमध्ये गेले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि चौदावे लिओ पोप झाले. या बातम्यांत कार्डिनल म्हणजे कोण हे सांगताना बहुतेकांनी 'पोपच्या खालोखालचे धर्मगुरू' एवढ्यावर काम भागवले. ते चूक नाही, पण त्यात शब्दाच्या पोटात काय आहे ते कळत नाही. आणि या शब्दाच्या पोटात जे आहे ते मराठी माणसाच्या घरात, त्याच्या दाराच्या चौकटीत रोज हाताखालून जाते. म्हणून हा लेख.

मूळ लॅटिन शब्द 'कार्दो'. अर्थ, दार ज्यावर फिरते तो खुंटा. आज बिजागरी म्हटले की दोन पट्ट्या आणि मधली सळई असलेली पितळी वा लोखंडी वस्तू डोळ्यांपुढे येते. रोमन लोकांची बहुतेक दारे तशी नसत. ती कशी होती हे पाहायला रोमला जाण्याची गरज नाही. जुन्या नाशकात तिवंधा, भद्रकाली, सराफ बाजार या बाजूला जे जुने वाडे अजून तग धरून आहेत, त्यांच्या थोरल्या दरवाजांपाशी वाकून पाहावे. दाराच्या जाड फळीला वर आणि खाली एकेक गोल खुंटा काढलेला असतो. तो वेगळा जोडलेला नसतो, त्याच लाकडातून कोरलेला असतो. खालचा खुंटा उंबऱ्यालगतच्या दगडातल्या खळग्यात बसतो, वरचा चौकटीच्या लाकडातल्या भोकात. खिळा नाही, स्क्रू नाही. दाराचा सगळा भार त्या खालच्या खुंट्यावर. शे-दीडशे वर्षे दार उघडून मिटून दगडातला तो खळगा आरशासारखा गुळगुळीत झालेला असतो, आणि दार करकरू लागले की घरातले कोणी तरी त्यात तेलाचे दोन थेंब सोडते. दाराची फळी झिजली तर ठिगळ लावता येते. खुंटा मोडला तर दार खाली येते. लॅटिन माणसाने 'ज्यावर सगळे फिरते ते' या अर्थाने 'कार्दो' वापरला, तो हे रोज पाहूनच.

मग तो शब्द पसरत गेला. आकाश ज्या आसाभोवती फिरते असे वाटे, त्यालाही कार्दो. रोमन नगराची आखणी करताना उत्तर-दक्षिण जाणारा मुख्य रस्ता, तोही कार्दो. मुख्य चार दिशा, एक-दोन-तीन या मूळ संख्या, यांना इंग्रजीत जे विशेषण लागते ते याच घरातले. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी सुज्ञता, न्याय, धैर्य आणि संयम या चार सद्गुणांना हे विशेषण लावले. बाकीचे सद्गुण या चारांवर फिरतात असा त्यांचा आशय.

आता आपल्या 'बिजागरी'कडे वळू. हा शब्द इतका मुरलेला आहे की तो बाहेरचा असेल अशी शंका येत नाही. कोणी त्यात 'बीज' शोधेल, कोणी 'आगर'. पण तो आहे पोर्तुगीज. मूळ 'बिझाग्रा', त्याचा अर्थही तोच. वसई, चौल, रेवदंडा, साष्टी इथे पोर्तुगीज सुतारकामाबरोबर तो आला आणि घाट चढून देशावर पोहोचला. त्याच गलबतातून 'चावी'ही उतरली. पोर्तुगीज 'शाव्ह', आणि त्यामागे लॅटिन 'क्लाविस'. कुलूप मात्र अरबी, 'कुफ्ल'मधली अक्षरे उलटून झालेले. म्हणजे मराठी घराच्या एका दाराला पोर्तुगीज बिजागरी, अरबी कुलूप आणि पुन्हा पोर्तुगीज चावी. दार आणि उंबरा तेवढे आपले.

पोप निवडायच्या बैठकीला 'कॉन्क्लेव्ह' म्हणतात. त्यातले 'क्लेव्ह' म्हणजे तीच लॅटिन 'क्लाविस', म्हणजे आपल्या 'चावी'ची आजी. कॉन्क्लेव्ह याचा सरळ अर्थ 'चावीसकट', कुलूपबंद खोली. हे नाव कशामुळे पडले तेही सांगण्याजोगे आहे. १२६८ मध्ये पोप चौथे क्लेमेंट वारले. कार्डिनल इटलीतल्या वितेर्बो गावात जमले आणि जवळजवळ तीन वर्षे त्यांचे एकमत होईना. गावकरी कंटाळले. त्यांनी कार्डिनलांना कोंडले, जेवण कमी केले आणि शेवटी त्या वाड्याचे छप्परही काढले. १२७१ मध्ये दहावे ग्रेगरी निवडले गेले, आणि त्यांनी १२७४ मध्ये नियमच केला की यापुढे निवड कुलपाआड व्हायची. बिजागरीचे लोक चावीच्या खोलीत बसतात, असे मराठीत अक्षरशः म्हणता येते. दोन्ही शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाले आहेत.

चर्चमध्ये हा खुंटा शिरला कसा? सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरले ग्रेगरी यांच्या पत्रांत 'कार्दो'पासून झालेले क्रियापद भेटते. एका ठिकाणी दीक्षा घेतलेला धर्मगुरू किंवा बिशप दुसऱ्या चर्चला कायमचा जोडला गेला की तो तिथे 'खुंटवला' गेला असे म्हणत. आजही कॅथलिक कायद्यात प्रत्येक धर्मगुरू कुठल्या ना कुठल्या धर्मप्रांताशी किंवा धर्मसंघाशी असा जोडलेला असावाच लागतो, आणि त्या जोडणीला हाच शब्द आहे. मात्र 'कार्डिनल' ही पदवी हळूहळू रोमच्या मुख्य चर्चांच्या धर्मगुरूंपुरती उरली. १०५९ मध्ये पोप दुसरे निकोलस यांनी पोपच्या निवडीत पुढाकार कार्डिनल-बिशपांकडे दिला. ११७९ च्या लॅटरन परिषदेने सगळ्या कार्डिनलांना मत दिले आणि दोन-तृतीयांशांची अट घातली. ती अट आजही चालू आहे.

इथेच आपल्या बातम्यांत एक गोष्ट सुटते. कार्डिनल ही दीक्षेची पायरी नाही. डीकन, धर्मगुरू, बिशप या तीन दीक्षा. त्यांच्या वर चौथी नाही. कार्डिनल होणे म्हणजे रोमच्या मंडळीत नाव लागणे. म्हणून जगाच्या कुठल्याही टोकाचा माणूस कार्डिनल झाला की त्याला रोममधले एक चर्च नावाने दिले जाते. मुंबईचे कार्डिनल सायमन पिमेंटा यांच्या नावे रोमच्या तोरे स्पाकाता वस्तीतले मरियेचे चर्च होते. कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांच्या नावे कोर्व्हियाले इथले क्रूसाचे संत पॉल यांचे चर्च. हे कागदोपत्रीच असते, पण त्यातच पदाचे मर्म आहे. पोप हे रोमचे बिशप. रोमचा बिशप रोमच्या धर्मगुरूंनी निवडायचा, ही जुनी रीत मोडू नये म्हणून पिमेंटांसारखा मुंबईतल्या मारोळचा माणूस रोमचा धर्मगुरू ठरतो. खुंटा तो हाच. एक टोक मारोळच्या मातीत, दुसरे रोमच्या दगडात.

मराठी मुलखाला हा खुंटा मिळायला फार उशीर झाला, आणि त्यामागचा इतिहास दुखरा आहे. तो सांगताना आणखी एक शब्द हाताळावा लागतो, 'पाद्रोआदो'. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर जो आश्रयदात्याचा हक्क पोपकडून मिळाला होता, त्याचे हे नाव. मुळात लॅटिन 'पातेर', म्हणजे आपला 'पितृ'. 'पाद्री' त्यातलाच. पोप, पाद्री, पॅट्रिआर्क, पाद्रोआदो, सगळीकडे बापच बाप. पण या बापपणात इथल्या लेकरांना वर यायला जागा नव्हती. गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रो नावाच्या ब्राह्मण घराण्यातल्या ख्रिस्ती तरुणाला गोव्यात पुढे जाता येईना, म्हणून तो रोमला गेला. १६३७ मध्ये रोमने त्याला बिशप केले आणि आदिलशाही मुलखाची जबाबदारी दिली. रोमच्या कागदपत्रांत या प्रदेशाचे नाव 'इदाल्कान' असे येते. ते म्हणजे 'आदिलखान'च, पोर्तुगीज जिभेवर वळलेले. कास्त्रो डिचोलीला राहिले आणि गोव्याच्या आर्चबिशपांशी आयुष्यभर झगडले. लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप. आजच्या मुंबई महाधर्मप्रांताची मुळे त्यांच्या त्या प्रांतापर्यंत नेऊन भिडवली जातात.

आणि तरीही मुंबईच्या गादीवर भारतीय माणूस बसायला १९५० उजाडले. मधल्या काळात पाद्रोआदोचे पाद्री आणि रोमने थेट पाठवलेले पाद्री यांच्यात गावेच्या गावे फाटली. १९२८ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला की मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असावेत. ज्यांचे चर्च, ज्यांची शेते, ज्यांची भाषा, त्यांचे नाव त्या करारात नव्हते. अखेर इंग्रज जेझुइट आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स स्वतःहून बाजूला झाले. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले, रॉबर्ट्स यांनी कारभार त्यांच्यावर सोपवला आणि १९५० मध्ये राजीनामा दिला. डिसेंबर १९५० मध्ये ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. रॉबर्ट्स यांच्या या मोठेपणाची मराठीत फारशी आठवण काढली जात नाही. काढायला हवी.

ग्रेशियस १९०० मध्ये कराचीत, गोवेकर कुटुंबात जन्मले. आडनावामागे लॅटिन 'ग्रातिया' आहे, म्हणजे कृपा. १२ जानेवारी १९५३ रोजी पोप बारावे पायस यांनी त्यांना कार्डिनल केले. भारताचे पहिले कार्डिनल. त्याच दिवशी कार्डिनल झालेल्यांत रोंकाली नावाचे एक इटालियन होते. पाच वर्षांनी तेच पोप तेविसावे जॉन झाले आणि त्यांनीच दुसरी व्हॅटिकन परिषद बोलावली. १९५८ आणि १९६३ या दोन्ही निवडींत ग्रेशियस मतदानाला होते. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेस भरली आणि पोप सहावे पॉल तिला आले. पोपचा पाय आशियातल्या मोठ्या देशाला एवढ्या गाजावाजाने लागला, तो मुंबईत. १९६६ मध्ये ग्रेशियस यांना पद्मविभूषण मिळाले. १९७८ च्या ऑगस्टात पुन्हा पोप निवडायची वेळ आली तेव्हा ते आजारी होते, रोमला जाता आले नाही. ११ सप्टेंबरला ते गेले.

त्यांच्या कारकिर्दीतली जी गोष्ट मराठीच्या दृष्टीने मला सर्वांत मोठी वाटते, ती पदव्यांत मोजता येत नाही. व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट दिल्यावर उपासनेची वेदी मराठीत बोलू लागली. लॅटिन उपासनेत माणसे जपमाळ ओढत गप्प बसत. आता ती उत्तरे देऊ लागली, स्तोत्रे म्हणू लागली. त्यासाठी शब्द लागले, आणि ते घडवले गेले. 'पॅरिश'ला 'धर्मग्राम', 'डायोसिस'ला 'धर्मप्रांत', बिशपांना 'महागुरुस्वामी', पोपना 'परमगुरुस्वामी'. काही जुने होते तसेच राहिले: मिस्सा, क्रूस, नाताळ. 'कार्डिनल'ला कोणी हात लावला नाही.

ग्रेशियस यांच्या मागून आले सायमन पिमेंटा. जन्म १ मार्च १९२०, अंधेरीजवळचे मारोळ. साष्टीच्या मातीतले, घरात मराठीची बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातले. या समाजाने १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. मुंबईत नोकऱ्यांसाठी येणाऱ्या गोवेकर आणि मंगळुरी ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथले मूळचे, हे इंग्रज सरकारच्या आणि रेल्वेच्या साहेबांना कळावे म्हणून इंग्रजी नाव. मारोळच्या, वांद्र्याच्या, उत्तनच्या माणसाने स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवणे आज ऐकायला विचित्र वाटते, पण त्यात आपल्या भूमीवरचा हक्क सांगण्याची धडपड आहे. 'पिमेंटा' हे आडनाव पोर्तुगीज, अर्थ मिरी. जिच्यासाठी पोर्तुगीज गलबते मलबारला आली, तीच मिरी. बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज धर्मबापांची आडनावे गावांना चिकटली, त्यातले हे एक.

पिमेंटा यांच्याशी नाशिकचे नाते थेट आहे. पूर्वी नाशिक पुणे धर्मप्रांतात होते. १५ मे १९८७ रोजी नाशिक वेगळा धर्मप्रांत झाला: नाशिक, अहमदनगर, जळगाव आणि तेव्हाचा अखंड धुळे जिल्हा. पहिले बिशप थॉमस भालेराव, येशूसंघीय म्हणजे जेझुइट. मुंबईच्या आर्चबिशपांच्या प्रांताखाली नाशिक येते आणि तेव्हा त्या गादीवर पिमेंटा होते. वर्षभराने, २८ जून १९८८ रोजी, ते कार्डिनल झाले. कार्डिनल असूनही त्यांनी पोपच्या निवडीत कधी मत दिले नाही. १९७० मध्ये सहाव्या पॉल यांनी नियम केला होता की ऐंशी ओलांडलेल्याने मतदानाला बसू नये. पिमेंटा २००० मध्ये ऐंशीचे झाले आणि पुढची निवड २००५ मध्ये आली. ते शांतपणे १९९६ मध्ये निवृत्त झाले आणि २०१३ मध्ये मुंबईत वारले. मोठ्या निर्णयांचा प्रसंगच वाट्याला आला नाही असे म्हणून कोणी त्यांची नोंद दोन ओळींत संपवील. पण 'भालेराव' हे आडनाव बिशपांच्या यादीत आले आणि कार्डिनलांच्या यादीत मारोळचे घर आले, ही दोन्ही वळणे एकाच काळातली आहेत, आणि कास्त्रोंपासून मोजले तर ती साडेतीनशे वर्षांनी आली.

त्यानंतरचे आयव्हन डायस वांद्र्याचे. निम्मे आयुष्य व्हॅटिकनच्या राजनैतिक सेवेत गेले. आफ्रिका, कोरिया, आणि कम्युनिस्ट राजवट नुकतीच कोसळलेला अल्बानिया. १९९६ मध्ये मुंबईचे आर्चबिशप, २००१ मध्ये कार्डिनल. २००६ मध्ये त्यांना रोमला बोलावून एका जुन्या खात्याचे प्रमुख केले. या खात्याच्या प्रमुखाला 'लाल पोप' म्हणायची रीत होती, कारण आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी बिशपांच्या नेमणुका त्याच्या टेबलावरून जात. आणि याच खात्यामुळे जगातल्या अनेक भाषांना एक शब्द मिळाला, जो आपण निवडणुकीच्या दिवसांत रोज वापरतो. १६२२ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याचे लॅटिन नाव 'दे प्रोपागांदा फीदे', म्हणजे 'श्रद्धेचा प्रसार व्हावा यासाठी'. आपला 'प्रोपगंडा' तो हा. कास्त्रोंना बिशप करणारे खाते तेच. डायस त्याच खुर्चीवर बसले.

या शब्दाचे मूळ मात्र राजकारणात नाही आणि धर्मातही नाही. ते द्राक्षाच्या मळ्यात आहे, आणि नाशिककराने ते वाचून क्षणभर थांबावे. लॅटिन 'प्रोपागो' म्हणजे वेलीची काडी, जी वेलीपासून न तोडता वाकवून जमिनीत दाबायची. मातीखालच्या डोळ्यांना मुळे फुटली की ती मूळ वेलीपासून कापायची, की दुसरी वेल तयार. मराठीत त्याला दाब कलम म्हणतात. रोमन शेतकरी वेली अशा वाढवत, आणि 'प्रोपागारे' म्हणजे असे एकाचे दोन, दोनाचे चार करत जाणे. आज दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतकडचा बागायतदार दाब कलम करत नाही. तो आधी डॉगरिजचा खुंट लावतो, कारण क्षारांना आणि पाण्याच्या ताणाला तो दाद देत नाही, आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्या खुंटावर थॉमसनची किंवा दुसऱ्या जातीची काडी कलम करून सुतळीने वा पट्टीने बांधतो. मुळे परक्या जातीची, फळ आपल्या पसंतीचे. दोन्हीत फरक मोठा आहे. दाब कलमात वेल तीच राहते, फक्त पसरते. खुंटावरच्या कलमात दोन जाती एकमेकींना धरून जगतात. इथे चर्च कोणत्या रीतीने रुजले याचे उत्तर या शब्दांच्या जोडीतच मिळते. पाद्रोआदोला वाटत होते की पोर्तुगालची वेल दाबून दाबून वाढवावी. टिकले ते खुंटावरचे कलम: देऊळ, माउली, यात्रा, नवस हा खुंट इथला, आणि त्यावर काडी दूरची.

नाशिकच्या धर्मप्रांतातच याचा पुरावा आहे. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरात मरियेच्या जन्मोत्सवाची मोठी यात्रा भरते. तिला लोक म्हणतात 'मतमाउलीची यात्रा'. हा 'मत' कुठला? वांद्र्याच्या टेकडीवरच्या मरियेला इंग्रजीत 'माउंट मेरी' म्हणतात. कोळी आणि ईस्ट इंडियन लोकांच्या तोंडी तिची 'मोत माउली' झाली. बहुधा 'माउंट'चे 'मोत' झाले, आणि मोत्यासारखी माउली असाही अर्थ त्यात लोकांनी भरला. हरेगावच्या सपाट उसाच्या मुलखात टेकडी नाही, समुद्र नाही. तिथे 'मोत'चे 'मत' झाले. पण 'माउली' जागची हलली नाही. ज्ञानोबांना जी हाक, तीच मरियेला. नाशिक रोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, मुंबई-वसईपासून माणसे नवस फेडायला येतात. मूर्तीची परंपरा प्रागची, नाव मात्र 'इन्फंट जीझस' म्हणून इथे कोणी घेत नाही. 'बाळ येशू'.

मग 'कार्डिनल'चे मराठीकरण का झाले नाही, असा प्रश्न रास्त आहे. एक कारण असे की मराठी वाचकाची ख्रिस्ती जीवनाशी ओळख झाली ती प्रोटेस्टंट वाटेने. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई यांच्यामुळे. 'स्मृतिचित्रे' घराघरांत गेले. शरणपूर, तिथली मिशन, आफ्रिकेतून सोडवून आणलेल्या गुलाम मुलांना तिथे मिळालेला आसरा, हे नाशिकचे ख्रिस्ती जग अँग्लिकन. 'शरणपूर' हे नावच मिशनऱ्यांनी किती नेमके घडवले: शरण आलेल्यांचे गाव. त्या परंपरेच्या मराठी बायबलात बिशपला 'अध्यक्ष', प्रिस्टच्या मूळ ग्रीक शब्दाला 'वडील', डीकनला 'सेवक' असे चोख मराठी पर्याय आहेत. पण तिथे कार्डिनल नाही, म्हणून पर्यायही नाही. आणि कॅथलिकांना तो रोजच्या प्रार्थनेत लागत नाही, म्हणून त्यांनीही घडवला नाही.

दुसरे कारण मला अधिक पटते. हा शब्द भाषांतरित केला की पद बदलते. 'महागुरू'च्या वर 'अतिमहागुरू' असे काही केले तर पुन्हा तीच पायऱ्यांची समजूत पक्की होते. 'पोपचे मंत्री' म्हटले तर राजदरबार होतो. शब्दशः 'खुंटेकरी' म्हटले तर मराठी कानाला त्याचा बोध होणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर ख्रिस्ती आशय शुद्ध, सहज मराठीत आणला, २०२० मध्ये ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्यासारख्यांची मराठीही 'कार्डिनल' तसाच ठेवते. ते योग्यच आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र मराठीकडे नेमका शब्द आहे आणि तो आपण वापरत नाही. बातम्यांत कार्डिनलांचा झगा 'लाल' असतो, फार तर 'भडक लाल'. पूर्वी हा मानाचा रंग समुद्रातल्या एका गोगलगाईपासून काढलेल्या जांभळ्याचा होता. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर तो मिळेना, आणि पोप दुसरे पॉल यांच्या काळात कार्डिनलांचे कापड ओकवृक्षावरच्या एका किड्यापासून निघणाऱ्या लाल रंगात रंगू लागले. त्या किड्याचे अरबी नाव 'किर्मिझ', फारसीत 'किर्म' म्हणजे किडा, आणि संस्कृतात तोच 'कृमी'. त्यातूनच आपला 'किरमिजी'. इंग्रजीतले 'क्रिम्झन' आणि 'कार्माइन' हे त्याचे युरोपातले भाऊ. पैठणीच्या काठाला जो शब्द आपण सहज लावतो, तोच शब्द रोमच्या कार्डिनलांच्या झग्याचा मूळ रंग सांगतो. आजचे कापड थोडे उजळ असते, तरी 'लाल'पेक्षा 'किरमिजी' जवळचा.

आता २०२५ ची स्थिती. कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस २००६ पासून मुंबईचे आर्चबिशप होते, २००७ मध्ये कार्डिनल झाले, पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये निवडलेल्या आठ सल्लागार कार्डिनलांत त्यांचे नाव होते. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते ऐंशीचे झाले आणि जानेवारीत निवृत्त झाले, त्यामुळे मे महिन्यातल्या मतदानाला ते नव्हते. भारतातले चार कार्डिनल आत होते, त्यांत गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेराव. कास्त्रोंना ज्या गोव्याने वर येऊ दिले नाही, त्याच गोव्याच्या गादीवर बसलेला हळदोणे गावचा माणूस २०२२ मध्ये कार्डिनल झाला आणि २०२५ मध्ये त्याने पोपच्या निवडीत मत टाकले.

मराठी वृत्तसंपादकांना आणि कोशकारांना एवढीच विनंती. शब्द 'कार्डिनल' असाच ठेवा, त्याला ओढूनताणून संस्कृत करू नका. पण अर्थ देताना 'पोपच्या खालोखालचे' यावर थांबू नका. 'रोमच्या मंडळीशी जोडलेले आणि पोप निवडण्याचा अधिकार असलेले धर्मगुरू' असे लिहा. ऐंशी वर्षांची मर्यादा त्यात सांगा. आणि व्युत्पत्तीच्या कंसात 'लॅटिन कार्दो, बिजागरी' ही दोन अक्षरे जरूर घाला.